हार्डविक हॉल : म्हातारीचा तोरा

इंग्लंडमधल्या डर्बीशर परगण्यात एका टेकडीवर उभा असलेला हार्डविक हॉल लांबूनच मालकिणीचं नाव सांगतो. सहा बुरुजांच्या माथ्यांवर दगडात कोरलेली दोन अक्षरं आहेत, ‘ई’ आणि ‘एस’. एलिझाबेथ श्रूजबरी, म्हणजेच हार्डविकची बेस. बेताच्या जमीनदाराची ही मुलगी चार वेळा लग्न करून चारही वेळा विधवा झाली आणि शेवटी राणीखालोखाल श्रीमंत बायकांत गणली गेली. १५९० साली चौथा नवरा गेला, तेव्हा बाईंनी साठी ओलांडली होती. त्याच वर्षी या घराचं काम सुरू झालं आणि १५९७ मध्ये त्या राहायला आल्या. काम सुरू झालं तेव्हा बाईंचा शेजारचा जुना वाडाही पुरा झालेला नव्हता, पण थांबेल ती बेस कसली!

आराखडा रॉबर्ट स्मिथसनचा मानतात. काच महाग असण्याच्या त्या काळात याच्या भिंतींत दगडापेक्षा काचच जास्त दिसते. वर जावं तशा खिडक्या उंच होत जातात, कारण मानाचे पाहुणे सर्वांत वरच्या मजल्यावर न्यायचे. तिथल्या दरबारी दालनात भिंतीच्या वरच्या भागात गिलाव्यात उठवलेलं, रंगवलेलं अरण्य आहे. काही खिडक्या मात्र निव्वळ देखाव्याच्या. बाहेरून काच, मागे धुराडं!

हा तोरा, पण हिशेब पक्का. १५९२ मध्ये तिने राणीचे दरबारी सर ख्रिस्तोफर हॅटन यांच्या वारसाकडून बायबलमधल्या गिडियनच्या कथेचे तेरा प्रचंड भिंतपडदे घेतले, ३२६ पौंड १५ शिलिंग ९ पेन्सांना. त्यांवर हॅटनचं कुलचिन्ह विणलेलं होतं. ते बदलावं लागणार म्हणून बाईंनी पाच पौंड सूट उकळली आणि त्यावर आपलं चिन्ह रंगवलेले कापडाचे तुकडे शिवून टाकले. हॅटनच्या हरिणीला शिंगं रंगवली, की झाला आपला सांबर.

पुढे वंशजांचा ओढा चॅट्सवर्थ या घराण्याच्या दुसऱ्या घराकडे राहिला. हार्डविकवर कुणी फारसा पैसा ओतला नाही, म्हणूनच ते फारसं बदललंही नाही. १९५० मध्ये या घराण्यातले दहावे ड्यूक वारले, वारसाकराचा डोंगर उभा राहिला आणि १९५९ मध्ये घर नॅशनल ट्रस्टकडे आलं. त्या तेरा पडद्यांची डागडुजी तर चोवीस वर्षं चालली. ती २०२३ मध्ये पुरी झाली.