टेबलमधली एक ओळ म्हणजे काय?

पीएच.डी.च्या तयारीतले मित्र विचारतात, "डेटा मिळालाय, आता कुठली टेस्ट लावू?" मी उलट विचारतो: तुझ्या टेबलमधली एक ओळ म्हणजे काय? बालसंरक्षणाच्या केस नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरवरून हे बघू.

समजा, सटाण्याच्या एसटी स्टँडवर नऊ वर्षांची मुलगी एकटी सापडली. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांत तिला बाल कल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. समिती जिल्ह्याची, म्हणजे नाशिकला, सुमारे ९० किलोमीटरवर. तिथून ती बालगृहात जाते. चौकशीनंतर मालेगावला मामाकडे. तिथं जमत नाही, परत बालगृह. शेवटी कलम ४४ खाली प्रतिपालक कुटुंबात. म्हणजे चार मुक्काम झाले.

आता सॉफ्टवेअरची रचना. पहिली पद्धत: एक मूल, एक ओळ, आणि 'सध्याचं ठिकाण' असा रकाना. मूल हललं की जुनी नोंद पुसून नवी भरायची. आज बालगृहात किती मुलं आहेत, हे लगेच कळतं. पण ही मुलगी आणि थेट कुटुंबात गेलेली दुसरी मुलगी स्क्रीनवर सारख्याच दिसतात. नव्याने रुजू झालेल्या कार्यकर्त्याला मामाकडचा प्रकार कळणारच नाही. तो तिला पुन्हा तिथंच पाठवायचा विचार करू शकतो.

दुसरी पद्धत: मुलांचं टेबल वेगळं, मुक्कामांचं वेगळं. मुक्कामाच्या ओळीत मुलाचा क्रमांक, ठिकाण, सुरुवात, शेवट, हलवण्याचं कारण. काहीच पुसायचं नाही. हिच्या चार ओळी होतात आणि इतिहास टिकतो.

अमेरिकेतही हा बदल झाला. तिथली 'ॲफकार्स' ही केंद्रीय माहितीव्यवस्था अनेक वर्षं दर सहामाहीचं चित्र घ्यायची. ऑक्टोबर २०२२ पासून राज्यांना प्रत्येक मुक्कामाचा तारीखवार तपशील द्यावा लागतो.

पण दुसऱ्या पद्धतीतही एक खड्डा आहे. मुक्कामांच्या टेबलवरून थेट 'मुलांचं सरासरी वय' काढलंत, तर ही मुलगी चारदा मोजली जाते. जास्त हललेली मुलं निष्कर्ष आपल्याकडे ओढतात. टेस्ट कितीही भारी असली तरी ही चूक ती पकडत नाही.

आणि गोपनीयता. कलम ७४ अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई करतं. त्यामुळे नाव मागू नका. मूळ ओळख लपवणारा, पण सगळ्या टेबलांत सारखाच राहणारा क्रमांक मागा. गावाचं नावही गाळा. छोट्या गावात वय आणि तारीख एवढ्यावरूनसुद्धा मूल ओळखता येतं.

डेटासाठी अर्ज करण्याआधी वहीत एक वाक्य पूर्ण करा: "माझ्या टेबलमधली एक ओळ म्हणजे एक..." मूल, मुक्काम की भेट? ते जमेपर्यंत अर्ज पाठवू नका.