बोट सुटण्याआधी चार दिवस लंडनचे

आमचा धाकटा मुलगा विलायती प्रवासी बोटीवर स्वयंपाकघरात कामाला आहे. त्याच्या कंपनीत नोकरांच्या आईवडिलांना सवलतीच्या दरात एक फेरी करता येते. गेली तीन वर्षे तो बोलावतो आहे आणि आम्ही "पुढच्या वर्षी" म्हणतो आहोत. यंदा मात्र त्याने फोनवर निक्षून सांगितले, "पप्पा, आईचे गुडघे आणखी किती थांबणार?" तेव्हा ठरले. मे महिन्यात साउथॅम्प्टन बंदरातून बोट सुटणार, नॉर्वेचा किनारा पाहून सात दिवसांनी तिथेच परत येणार.

वांगणीहून साउथॅम्प्टन! माझे वडील मुंबईच्या गोदीत हमाल होते. जन्मभर त्यांनी बोटींचा माल वाहिला, पण प्रवासी म्हणून कधी बोटीवर पाऊल ठेवले नाही. ते सांगत, "आपले बाबासाहेब याच मुंबईच्या बंदरातून बोटीने गेले." गोलमेज परिषदेसाठी ४ ऑक्टोबर १९३० रोजी बाबासाहेब 'व्हाईसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने निघाले. वडिलांनी ते पाहिले नव्हते, त्यांनीही ऐकलेलेच. पण सांगताना असे सांगत, जणू बाबासाहेबांची ट्रंक यांनीच चढवली!

आता कामाचे बोलू. बोट कोणासाठी थांबत नाही. विमान उशिरा आले, सामान हरवले, तर बोट डोळ्यांदेखत जाते आणि पैसेही जातात. म्हणून ज्या दिवशी बोट, त्याच दिवशी विमानाने पोचायचे, हा हिशेब करू नये. एक रात्र तरी आधी पोचावेच. आम्ही म्हटले, एवढे विमानभाडे भरतोच आहोत, तर चार दिवस आधी जाऊ आणि लंडन पाहू.

इथे घरात वाद झाला. मुलाने यादी पाठवली होती : मेणाचे पुतळे, नदीकाठचा मोठा पाळणा, राजवाडा. आमच्या सौ.ने यादी वाचली आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाली, "पाळणे आपल्या जत्रेतही आहेत. मला आधी ते घर दाखवा."

ते घर म्हणजे १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ साली विद्यार्थी असताना बाबासाहेब तिथे राहिले. महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले आणि १४ नोव्हेंबर २०१५ रोजी तेथे स्मारकाचे उद्घाटन झाले. पुढे तिथल्या नगरपालिकेशी परवानगीचा तंटा चालला. अखेर मार्च २०२० मध्ये सरकारी मंजुरी मिळाली. चॉक फार्म हे भुयारी रेल्वेचे स्टेशन जवळ पडते. घर रहिवासी वस्तीत आहे, तेव्हा गोंगाट करू नये. उघडण्याचे दिवस आणि वेळ आधी विचारून मगच निघावे.

त्याच भुयारी गाडीने टॉटनहॅम कोर्ट रोडला उतरले की थोड्या चालीवर ब्रिटिश म्युझियम. प्रवेश फुकट! बाबासाहेब जिथे दिवसदिवस वाचत बसत, ते गोल वाचनालय म्युझियमच्या आतल्या चौकात उभे आहे. आपल्या लोकांनी आणखी एक गोष्ट चुकवू नये. आंध्रातील अमरावतीच्या महास्तूपाची कोरीव शिल्पे तिथे काचेआड ठेवलेली आहेत. आपला ठेवा पाहायला आपणच व्हिसा काढून जायचे, याला काय म्हणावे!

तिथून पायी ग्रेज इन. बाबासाहेब १९२२ साली तिथून बॅरिस्टर झाले. आणखी थोडे चालले की लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. १९१६ साली त्यांनी तिथे प्रवेश घेतला, पण शिष्यवृत्ती संपल्याने १९१७ साली अर्ध्यावर परतावे लागले. पैसे जमवून १९२० साली पुन्हा गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळवली. तिथे त्यांचा अर्धपुतळा आहे. म्युझियमपासून हे सारे एका दिवसात होते, पण सौ.च्या गुडघ्यांसाठी आम्ही दोन दिवस धरले आहेत. तिसऱ्या दिवशी पार्लमेंट, पूल आणि गोलमेज परिषद जिथे बसली तो सेंट जेम्स राजवाडा बाहेरून पाहायचा. ताकद उरलीच, तर अनागारिक धर्मपालांनी १९२६ साली स्थापन केलेल्या लंडन बुद्धिस्ट विहारात, म्हणजे चिझिकला. चौथ्या दिवशी दुपारी वॉटर्लूहून रेल्वेने सव्वा-दीड तासात साउथॅम्प्टन. तिकीट आधी काढले तर बरेच स्वस्त पडते. लंडनच्या बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, कार्ड लागते. भुयारी रेल्वेपेक्षा बस स्वस्त, आणि पहिल्या बसपासून तासाभरात दुसरी बस धरली तर तिचे भाडे लागत नाही.

कागदपत्रांत मात्र आमचा घाम निघाला. इंग्लंडचा व्हिसा वेगळा आणि नॉर्वेसाठी शेंगेन व्हिसा वेगळा. बोटीचे तिकीट हातात आहे म्हणून सुटका नाही. इंग्लंडच्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिन्यांच्या आतच करता येतो. मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर लागते. बँकेत आयत्या वेळी उसने पैसे भरून शिल्लक फुगवू नये, विचारणा होते. पेन्शनचा कागद आणि मुलाचे पत्र जोडले. त्यात आम्हा दोघांचीही जन्मतारीख १ जून! गुरुजींनी शाळेत घालताना जी लिहिली तीच. पासपोर्टच्या वेळी ठाण्याच्या केंद्रावरचा मुलगा हसून म्हणाला, "काका, आज सकाळपासून तुम्ही सहावे."

थंडीचे कपडे उल्हासनगरच्या बाजारातून घेतले. तिथे मे महिन्यातही गार वारा आणि पाऊस असतो. सौ.ने पापडाचे एक पुडके बांधून ठेवले आहे. धनंजय कीरांच्या चरित्रात आहे, की लंडनमध्ये रात्री भूक लागली की बाबासाहेब ओळखीच्या माणसाने दिलेले पापड पत्र्यावर भाजून कपभर दुधाबरोबर खात. मी म्हटले, हॉटेलात पापड कुठे भाजणार? ती म्हणाली, "न भाजता नुसते नेईन."

व्हिसाच्या बोटांच्या ठशांसाठी गुरुवारी बोलावले आहे. पहाटेची कर्जत लोकल धरायची आहे, बदलापूरच्या गर्दीआधी.