तीनशे मीटरची कडा

कुरासाव बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर खोल समुद्र गाठायला जहाज लागत नाही. विलेमस्टाड शहरालगतच्या सी अ‍ॅक्वेरियमजवळच्या धक्क्यावरून पाणबुडी पाण्यात सोडली, की प्रवाळांचा उथळ पट्टा ओलांडून ती थोड्याच वेळात कड्याच्या तोंडाशी येते. तिथून तळ तीव्र उताराने खाली जातो. मुंबईसमोर तीनशे मीटर खोली गाठायची तर दोनशेहून अधिक किलोमीटर जावं लागतं. व्हेनेझुएलासमोरच्या या छोट्याशा डच बेटावर ती खोली किनाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात आहे. गेल्या दीड दशकात कॅरिबियन समुद्रातल्या रंगीत माशांची इतकी नवी ओळख याच उतारावर का झाली, याचं अर्धं उत्तर या भूगोलात आहे. उरलेलं अर्धं त्या पाणबुडीत.

तिचं नाव कुरासब. पाच माणसं बसतील एवढी ती आहे. पुढच्या बाजूला जाड अ‍ॅक्रिलिकची फुगीर काच, बाहेर दिवे आणि दोन यांत्रिक हात. आतला हवेचा दाब जमिनीवरच्याइतकाच राहतो, ही तिची खरी देणगी. नव्वद मीटरवर पाण्याचा दाब वातावरणाच्या दहापट होतो. तिथे काही मिनिटं घालवलेल्या पाणबुड्याला वर येताना टप्प्याटप्प्याने थांबत काही तास काढावे लागतात, नाहीतर रक्तात विरघळलेला वायू बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडून त्याला अपंग करू शकतो. कुरासबमधला शास्त्रज्ञ मात्र तीनशे मीटरवर काही तास बसून एकाच खडकाकडे पाहू शकतो आणि वर आल्यावर सरळ जेवायला जाऊ शकतो. खोल पाण्यातल्या माशांच्या अभ्यासात या बसून पाहण्याला पर्याय नाही, असं मला वाटतं. जाळं किंवा कॅमेरा मासा दाखवेल, पण तो कपारीत कसा राहतो, कोणासोबत राहतो आणि उजेड पडताच कुठे लपतो, हे माणसाने समोर बसूनच पाहायला हवं.

ही पाणबुडी खासगी मालकीची आहे आणि पर्यटकांनाही खाली नेते. स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयातल्या मत्स्यशास्त्रज्ञ कॅरोल बाल्डविन यांनी २०११ मध्ये तिच्या आधाराने ‘डीप रीफ ऑब्झर्वेशन प्रोजेक्ट’ म्हणजे ‘ड्रॉप’ उभा केला. पनामातल्या स्मिथसोनियनच्या उष्णकटिबंधीय संशोधन संस्थेचे रॉस रॉबर्टसन आणि पुढे वॉशिंग्टन विद्यापीठात गेलेले ल्यूक टॉर्नाबेन हे त्यांचे सोबती. पाणबुडीने खोल प्रवाळभिंती पाहणारे ते काही पहिले नव्हेत. पॅट्रिक कॉलिन यांनी १९७० च्या दशकात जमैका आणि बेलीझच्या किनाऱ्यांवर हे काम केलं होतं. ड्रॉपचं वेगळेपण चिकाटीत आहे. एकाच भिंतीवर ते वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा उतरत राहिले.

हा पट्टा इतकी वर्षं दुर्लक्षित का राहिला? साध्या स्कूबाची सुरक्षित मर्यादा चाळीस मीटर. खरा खोल समुद्र शोधणारी यंत्रं हजारो मीटरवर जायला निघालेली असतात. वाटेतल्या शंभर-दोनशे मीटरवर ती थांबत नाहीत. तळ खडकाळ असल्यामुळे ट्रॉलरचं जाळं फाटतं, आणि दोन-चार सेंटिमीटरचे मासे गळाला लागत नाहीत. वरच्यांना हा भाग फार खोल, खालच्यांना फार उथळ.

आणि नेमके तिथलेच मासे रंगाने भरलेले आहेत. पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषतं. पहिल्या दहा-पंधरा मीटरांतच त्याचा बहुतेक भाग संपतो. शंभर मीटरवर उरतो तो निळा अंधूक उजेड. अशा ठिकाणी तांबड्या माशावर परतवायला तांबडा प्रकाशच नसतो, म्हणून तो काळपट दिसतो आणि खडकाच्या सावलीत मिसळून जातो. किनाऱ्यापासून दूरच्या खोल तळावरून आपल्या बाजारात येणारी गुलाबी राणी टोपलीत उठून दिसते. तिच्या घरी तिला तसं कोणी पाहिलेलं नसतं. पाणबुडीचा दिवा लागला की करड्या भासणाऱ्या कपारीत नारिंगी, गुलाबी आणि पिवळे पट्टे दिसू लागतात. पिवळ्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. निळ्या पाण्यातही पिवळ्या-फिकट पट्ट्यांची आलटून-पालटून रचना ओळखू येते, त्यामुळे या माशांचे सगळे रंग केवळ लपण्यासाठी असतील असं मी मानत नाही.

मासा पकडण्याची पद्धत जितकी हुशार तितकीच नाजूक आहे. एका हातातल्या नळीतून क्विनाल्डीन हे भूल देणारं द्रव्य अल्कोहोलमध्ये मिसळून कपारीत सोडतात. मासा गुंगला की दुसऱ्या हातावरच्या नळीने तो पाण्यासकट ओढून बाहेरच्या पारदर्शक डब्यात घेतात. चालकाचा हात जरा हलला तर मासा फटीत जातो आणि पुन्हा दिसत नाही. हॅप्टोक्लिनस ड्रॉपी हा जेमतेम दोन सेंटिमीटरचा ब्लेनी तर दुसरेच मासे ओढताना चुकून नळीत आला. त्याच्या पाठीवरचा पर तुकड्यांत विभागलेला आहे, आणि त्याच्या प्रजातीत तोवर एकच जाती माहीत होती. २०१३ मध्ये त्याला या प्रकल्पाचंच नाव मिळालं. पाणबुडीच्या वाट्यालाही एक मासा आला: कोरिफॉप्टेरस कुरासब, पिवळ्या ठिपक्यांचा वाळूवरचा गोबी, आपल्या खाडीतल्या निवटीच्या लांबच्या नात्यातला.

धक्क्यावर आल्यावर खरी घाई सुरू होते, कारण रंग टिकत नाही. फॉर्मलिन आणि नंतर अल्कोहोलमध्ये गेलेला नारिंगी मासा काही काळाने पांढुरका होऊन बसतो. म्हणून आधी पर पसरवून डाव्या बाजूचं छायाचित्र, मग उजव्या बाजूच्या स्नायूचा बारीक तुकडा डीएनएसाठी, आणि मगच बरणी. बॅरी ब्राउन या छायाचित्रकाराने ही कामगिरी इतकी सांभाळली, की २०१६ मध्ये एका विंचूमाशाला स्कॉर्पिनोडेस बॅरीब्राउनी असं नाव देण्यात आलं. पुढे प्रयोगशाळेत क्ष-किरणांवर मणके मोजायचे, परांतले काटे आणि किरण मोजायचे, खवल्यांच्या ओळी मोजायच्या, आणि जुन्या वर्णनांशी ताडून पाहायचं. एखाद्या काट्याच्या फरकावर जाती ठरू शकते.

या मोजणीत किती थरार असू शकतो, हे लायोप्रोपोमा ओल्नेई या माशाच्या गोष्टीत दिसतं. फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीत एक डिंभ सापडला होता. डिंभ म्हणजे माशाचं पोरवय, जेव्हा तो तळावर न राहता प्रवाहाबरोबर तरंगतो आणि आईबापांसारखा मुळीच दिसत नाही. याच्या पाठीवर सात लांबच लांब काटे तंतूंसारखे मागे पसरलेले होते. ठेवण पाहून तो लायोप्रोपोमा प्रजातीतला, म्हणजे हेकरूच्या दूरच्या नात्यातला वाटत होता. पण त्याचा डीएनए कॅरिबियनमधल्या माहीत असलेल्या कोणत्याच जातीशी जुळेना. पोर होतं, घर नव्हतं. मग कुरासबने खोल भिंतीवरून काही सोनेरी मासे वर आणले. पहिल्या नजरेत ते लायोप्रोपोमा अ‍ॅबेरन्स या जुन्या जातीचे मानले गेले. डीएनए तपासला, तर तो फ्लोरिडाच्या त्या अनाथ डिंभाशी जुळला. मग प्रौढ मासे बारकाईने पुन्हा पाहिले, तेव्हा रंगातही आणि शरीराच्या ठेवणीतही फरक निघाला. मासा नवा होता. २०१४ मध्ये बाल्डविन आणि डेव्हिड जॉन्सन यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि माशांच्या डिंभांचा जन्मभर अभ्यास केलेल्या जॉन ओल्नी यांचं नाव त्याला दिलं. याचा अर्थ वर्गीकरणापुरता नाही. कॅरिबियनच्या दक्षिण टोकाला एका कपारीत राहणाऱ्या माशाची पिल्लं उत्तरेला फ्लोरिडापर्यंत आढळतात, म्हणजे ही खोल घरं एकमेकांपासून तुटलेली नाहीत, हे तिथे कळलं.

दुसरी गोष्ट उलट दिशेची आहे. उथळ कॅरिबियन प्रवाळांत ग्रामा लोरेटो नावाचा अर्धा जांभळा, अर्धा पिवळा मासा राहतो. मत्स्यालय ठेवणाऱ्यांना तो चांगला ठाऊक असतो. त्याचे खोल पाण्यातले भाऊबंद म्हणजे लिपोग्रामा. यातल्या उभ्या पट्ट्यांच्या माशाला सगळे लिपोग्रामा एव्हिडेस म्हणत. कुरासबमुळे नमुने वाढले, डीएनए पाहिला, आणि २०१६ मध्ये स्पष्ट झालं की एका नावाखाली तीन जाती नांदत होत्या. लेव्हिन्सोनी साधारण ११० ते १५० मीटरच्या पट्ट्यात, हाबेरी त्याहून खाली, आणि खरा एव्हिडेस थेट तीनशे मीटरपर्यंत. सीमा एकमेकींवर चढतात, पण भिंतीवरची जागा त्यांनी वाटून घेतलेली आहे. चांगला वर्गीकरणशास्त्रज्ञ माशाचा पत्ता त्याच्या वर्णनाइतकाच जपून लिहितो, तो यासाठी.

पत्ते जमत गेले आणि त्यांतून मोठी गोष्ट निघाली. तोवर समुद्रशास्त्रज्ञ चाळीस ते दीडशे मीटरच्या पट्ट्याला मेसोफोटिक म्हणत. प्रकाशावर जगणारे प्रवाळ जिथवर पोचतात तिथवर तो पट्टा. त्याखाली लगेच खोल समुद्र सुरू होतो असं गृहीत होतं. ड्रॉपने सुमारे ८० बुड्यांत ७१ जातींच्या ४,४३६ माशांची खोलीनिहाय नोंद केली आणि विचारलं, की सीमा प्रवाळांवरून कशाला, माशांवरून आखली तर? सुमारे १३० मीटरवर माशांचा समाज ठळकपणे बदलतो, असं आकडेवारीने दाखवलं. तिथून तीनशे मीटरपर्यंत, म्हणजे पाणबुडी पोचेल तिथपर्यंत, एक वेगळाच समाज राहतो. मार्च २०१८ मध्ये बाल्डविन, टॉर्नाबेन आणि रॉबर्टसन यांनी त्या पट्ट्याला रॅरिफोटिक, म्हणजे विरळ प्रकाशाचा, असं नाव दिलं. तिथले बहुतेक मासे खऱ्या खोल समुद्रातल्या कुलांचे नाहीत. ते गोबी, विंचूमासे, ग्रामांचे भाऊबंद, म्हणजे वरच्या प्रवाळांच्याच घराण्यांतले आहेत. आणि प्रकल्पाच्या अंदाजाप्रमाणे त्या खोलीवर सापडणाऱ्या पाचांतली एक जाती विज्ञानाला नवी होती.

गोबींच्या वंशवृक्षाने त्याला पुष्टी दिली. टॉर्नाबेन यांच्या २०१६ च्या अभ्यासानुसार उथळ पाण्यातल्या पूर्वजांनी खोल भिंतीवर एकदा नव्हे, अनेकदा, स्वतंत्रपणे वस्ती केली. यांतल्या बऱ्याच हालचाली एक ते दीड कोटी वर्षांपूर्वीच्या. म्हणजे खालचा समाज जुना आहे आणि आपल्या जागेत रुळलेला आहे. वरचं पाणी तापून प्रवाळ मेले तर मासे खाली जाऊन वाचतील, अशी आशा बरेचदा बोलून दाखवली जाते. या नोंदी पाहिल्यावर ती सरसकट धरता येत नाही. खालची घरं रिकामी नाहीत, आणि १३० मीटरची सीमा ओलांडणाऱ्या जाती मोजक्याच आहेत.

शिवाय खालच्यांवरही संकट आहे. टॉर्नाबेन आणि बाल्डविन यांनी २०१७ मध्ये पॅलॅटोगोबियस इन्सेंडियस या गुलाबी-नारिंगी गोबीचं वर्णन केलं. हे मासे तळावर न बसता थव्याने खडकावर तरंगतात. पाणबुडीतून त्यांना पाहताना दिसलं, की लायनफिश त्यांना गाठून खात आहेत. लायनफिश मूळचा हिंदी आणि पॅसिफिक महासागरांतला. लक्षद्वीपच्या प्रवाळांत तो स्वाभाविक रहिवासी आहे. फ्लोरिडाजवळ तो प्रथम १९८५ मध्ये दिसला आणि माणसाने सोडलेल्या या माशाने पुढे अख्खा कॅरिबियन व्यापला. एखाद्या जातीला नाव मिळण्याआधीच ती परक्या शिकाऱ्याच्या तोंडी जात असल्याची ही पहिली नोंद.

कुरासब चॅपमन नावाच्या जहाजावर चढून बोनेअर, डॉमिनिका, सिंट युस्टेशियस अशा बेटांवरही गेली आहे, आणि भिंत बदलली की यादीही थोडी बदलते. आपल्या बाजूला अशी यादी जवळजवळ नाही. चेन्नईची राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था तीन माणसांना सहा हजार मीटरवर नेणारी ‘मत्स्य ६०००’ घडवते आहे. २०२५ च्या सुरुवातीला कट्टुपल्ली बंदरात तिला पाण्यात उतरवून चाचण्या झाल्या. ते काम मोठं आहे. पण लक्षद्वीपच्या बेटांचे बाहेरचे उतार आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यापासून सुमारे शंभर किलोमीटरवरची, कान्होजी आंग्र्यांचं नाव मिरवणारी आंग्रिया बँक पाहायला सहा हजार मीटरची गरज नाही. त्यासाठी तीनशे मीटरची, पाच आसनांची पाणबुडी हवी, सोबत भुलीची नळी, एक छायाचित्रकार आणि बरण्या हव्यात, आणि तीच भिंत दहा वर्षं पुन्हा पुन्हा पाहायला तयार असलेले दोघं-तिघं मत्स्यशास्त्रज्ञ.