शाळेचे साहित्य गुरुजींनी करावे काय?



तयार तक्ते आणि ठोकळे मिळत असताना गुरुजींनी साहित्य करीत का बसावे, असे पुष्कळजण विचारतात. प्रश्न रास्त आहे. गुरुजींच्या मागे कामे काय थोडी आहेत? पण उत्तर देण्याआधी एक वजाबाकी करून पाहू.

बेचाळिसातून सतरा वजा करायचे आहेत. 'दोनातून सात जात नाहीत, हातचा घ्या,' असे आपण सांगतो. मूल तसे करते. पण हा हातचा आला कुठून, ते त्याला उमगत नाही. उत्तरे चुकू लागतात आणि 'मला गणित येत नाही' म्हणून ते मागच्या रांगेत जाऊन बसते. कित्येकांची शाळा तिथेच सुटते.

आता माडाच्या झावळीचे हीर काढा. दहादहाच्या चार जुड्या बांधा, दोन हीर सुटे ठेवा. सात द्यायचे तर सुटे पुरत नाहीत. मूल आपण होऊन एक जुडी सोडते. बारांतले सात गेले, पाच उरले. तीन जुड्यांतली एक गेली, दोन उरल्या. झाले पंचवीस! हातचा म्हणजे काय, ते हातालाच कळले.

ही वाट जुनी आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले; अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. माँटेसरी पद्धतीचे महागडे साहित्य खेड्याला परवडणारे नव्हते. म्हणून त्यांनी शिंपले, दगड, बिया, पाने यांतून साहित्य उभे केले. आपल्या रत्नागिरीत शिक्षक असलेले लोकमान्यांचे वडील, गंगाधरपंत टिळक, यांनीही व्याकरण आणि त्रिकोणमितीवर स्वतः पुस्तके लिहिली होती.

आणखी एक पाहा. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. मिरकरवाड्याच्या मुलांनी पंधरा दिवस ती वहीत टिपली, तर चंद्र आणि समुद्र यांचे नाते त्यांना आपल्याच अक्षरात दिसेल. साऱ्या राज्यासाठी छापलेल्या पुस्तकात त्यांच्या बंदरातली भरती कशी सापडणार?

मात्र सगळेच घरी करू नये. नकाशा, पृथ्वीगोल, तापमापक अचूकच हवेत. ते विकत घ्यावेत. कच्ची काजूबी मुलांच्या हाती देऊ नका, तिच्या टरफलातले तेल कातडी भाजते. गुंजा दिसायला सुंदर, पण विषारी, त्याही नकोत. आणि केलेले साहित्य तपासणीच्या दिवसापुरते कपाटात जपू नका. हीर मोडले तर मोडू द्या. नवे काढायला माड आहेच.

तेव्हा गुरुजींनी साहित्य करावे काय? करावे; पण एकट्याने नव्हे. हीर मुलांनी सोलावेत, जुड्या मुलांनीच बांधाव्यात. आणि गावकरी मंडळी, उद्या तुमचे पोर चार झावळ्या मागू लागले, तर 'हा कसला अभ्यास?' म्हणून त्याला हाकलू नका. तो अभ्यासच आहे.