सार्जंट ते सर्वेसर्वा : काँगोचा मोबुटू

शोषिताच्या घरात जन्मलेला माणूस गादीवर बसला की शोषितांचे राज्य आले, असे आपण अनेकदा गृहीत धरतो. काँगोच्या मोबुटूची हकिकत हा भ्रम दूर करणारी आहे.

१४ ऑक्टोबर १९३० रोजी बेल्जियन काँगोतील लिसाला येथे जोसेफ मोबुटूचा जन्म झाला. वडील स्वयंपाकी, ते मोबुटूच्या लहानपणीच वारले. मिशनऱ्यांच्या शाळेत शिस्त मोडली म्हणून शिक्षा काय, तर 'फोर्स पब्लिक' या वसाहतीच्या सैन्यात रवानगी! काळ्या जनतेला दाबण्यासाठीच गोऱ्या मालकांनी हे सैन्य उभारले होते. १९५६ मध्ये मोबुटू सार्जंट-मेजर म्हणून बाहेर पडला, पत्रकार झाला आणि पॅट्रिस लुमुंबांच्या पक्षात शिरला.

३० जून १९६० रोजी काँगो स्वतंत्र झाला. त्या दिवशी या सैन्यात एकही काळा अधिकारी नव्हता! काही दिवसांतच शिपायांनी बंड केले. तेव्हा पंतप्रधान लुमुंबांनी विश्वासातला माणूस म्हणून मोबुटूला कर्नल केले, सैन्याचा चीफ ऑफ स्टाफ नेमले.

सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष कासावुबूंनी लुमुंबांना बडतर्फ केले. संसदेचा कौल मात्र लुमुंबांच्या बाजूने पडला. पण १४ सप्टेंबरला मोबुटूने सत्ता ताब्यात घेतली. पाठीशी अमेरिकेची सीआयए होती. लुमुंबांना मोबुटूच्याच सैनिकांनी पकडले आणि १७ जानेवारी १९६१ रोजी कटांगात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या.

२४ नोव्हेंबर १९६५ रोजी मोबुटूने दुसऱ्यांदा सत्ता बळकावली. पाच वर्षे मागितली, पण मे १९९७ पर्यंत हटला नाही. १९६६ मध्ये माजी पंतप्रधान किंबा यांच्यासह चौघांना जाहीर फाशी दिली आणि त्याच वर्षी लुमुंबांना 'राष्ट्रीय वीर' घोषित केले! ज्याला मारेकऱ्यांच्या हवाली केले, त्याच्याच नावाचा जयजयकार!

आम्ही कायद्याचे अभ्यासक म्हणून या इतिहासाकडे पाहतो तेव्हा एक गोष्ट ठळकपणे दिसते. काँगोत संसद होती, तिचा कौलही होता. पण तो कौल सैन्याला मानायला लावणारी व्यवस्था नव्हती. बेल्जियमने ती कधी उभीच राहू दिली नाही. म्हणून नेता कोणाच्या पोटी जन्मला, हे विचारून थांबू नका. त्याला आवर घालणारा कायदा जिवंत आहे काय, हेही विचारा. आणि मृत नेत्याच्या तसबिरीला हार घालणारे हात नीट तपासून घ्या!