रुग्णवाहिका आणि लहान रुग्ण

सार्वजनिक सेवांचे मोजमाप इमारती, यंत्रे आणि वाहने यांच्या संख्येवरून करण्याची सवय आपल्या नियोजनाला जडली आहे. वस्तू मोजता येतात. त्या हाताळणाऱ्या माणसाचे कौशल्य सहजी मोजता येत नाही, आणि जे मोजले जात नाही त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूदही क्वचितच होते. ‘एकशे आठ’ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ साली महाराष्ट्रात सुरू झाली, तेव्हा ९३७ गाड्यांची योजना होती आणि गाडीत डॉक्टर असावा असे ठरले. ही कामगिरी लहान नव्हे. परंतु गाडीतील रुग्ण दोन वर्षांचा असेल, तर त्याच्यासाठी ती कितपत सज्ज असते, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या दृष्टीने हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. १९५६ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, म्हणजे सर्वांची ‘घाटी’, हे शेजारच्या जिल्ह्यांतील गोरगरिबांचेही आशास्थान आहे. कन्नड वा सिल्लोडकडून येणाऱ्या मुलाला साठेक किलोमीटरचे अंतर कापावे लागते. तज्ज्ञ घाटीत आहेत. पण संकटाची पहिली घटका रस्त्यावर जाते, आणि त्या घटकेत मूल ज्याच्या हाती असते तो सहसा बालरोगतज्ज्ञ नसतो.

मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे. प्रौढाचे हृदय अनेकदा हृदयविकाराने अकस्मात थांबते. मुलाचा बहुधा आधी श्वास अडतो आणि मग हृदय थकते. म्हणून तेथे श्वासाची काळजी सर्वांत आधी घ्यावी लागते. दहा किलो वजनाच्या मुलाच्या अंगात रक्त सुमारे ८०० मिलिलिटर. पेलाभर सांडले तरी चौथा हिस्सा गेला. तरीही त्याचा रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो आणि मग एकाएकी कोसळतो. औषधाची मात्रा वजनानुसार ठरते. गडबडीत दशांशचिन्ह सरकले की ती दसपट होते. उंचीवरून वजन आणि मात्रा सांगणारी साधी मोजपट्टी, लहान मापाचे मुखवटे आणि मिनिटभर श्वास मोजण्याची शिस्त एवढ्याने पुष्कळ चुका टळतात.

गाडीत डॉक्टर असताना वेगळे प्रशिक्षण कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु रुग्णवाहिकेला येणारी बोलावणी बहुतांशी प्रौढांची असतात. अत्यवस्थ मूल क्वचितच समोर येते, आणि जे हातून क्वचित घडते ते हात विसरतात. म्हणून एकदाच दिलेले प्रमाणपत्र पुरत नाही. थोडक्यात, पण वारंवार केलेली उजळणी हवी.

हे अशक्य नाही, याची साक्ष महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बालकांच्या शुश्रूषेचे शिक्षण दिले. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले, असे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसून आले. जालना जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या स्वस्त गोळीचा उपयोग दाखवून दिला. विंचवाचे विष मुलांना अधिक घातक ठरते, आणि गोळी जितकी लवकर पडेल तितकी गुणकारी. दोन्ही उदाहरणांत महागड्या यंत्रापेक्षा वेळेवर वापरलेले ज्ञान मोलाचे ठरले. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशालाही १९८४ साली मुलांच्या तातडीच्या सेवेसाठी स्वतंत्र कार्यक्रम आखावा लागला, हेही विसरता येत नाही.

घाटीच्या बालरोग विभागाकडे अनुभव आहे, जिल्ह्यात रुग्णवाहिका आहेत. दोहोंची गाठ घालून देणे एवढेच बाकी आहे. दर तीन महिन्यांनी रुग्णवाहिकेवरील डॉक्टरांनी व चालकांनी तेथे एक दिवस सराव करावा, मूल निघाले की विभागाला आगाऊ वर्दी मिळावी, आणि पोहोचलेल्या प्रत्येक मुलाची पुढची हकीकत गाडीवरच्या माणसांना कळवावी. नव्या गाडीच्या किमतीशी तुलना करता हा खर्च नगण्य आहे. वाचलेल्या मुलापुढे साठ-सत्तर वर्षांचे आयुष्य असते. सार्वजनिक पैशाची याहून किफायतशीर गुंतवणूक शोधूनही सापडणार नाही. गाड्या किती, या प्रश्नाबरोबर त्यांतील हात किती तयार, हेही शासनाने आता मोजावयास हवे.