गुंठा आणि आर : सहा सेंटिमीटरांचा फरक

जुन्या मुंबई इलाख्यात जमीनमोजणीची साखळी 33 फुटांची असे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद क्षेत्र म्हणजे एक गुंठा. 40 गुंठ्यांचा एक एकर. आजच्या सातबाऱ्यावर मात्र हेक्टर व आर असतात. एक फूट म्हणजे 0.3048 मीटर, म्हणजे 33 फुटांचे 10.06 मीटर होतात, तर आरची बाजू 10 मीटरच. फरक जेमतेम सहा सेंटिमीटरांचा. परंतु तो लांबी व रुंदी या दोहोंत वाढतो. एक एकर म्हणजे 40.47 आर. गुंठा व आर एकच मानून 40 आर लिहून घेतले, तर सुमारे 500 चौरस फूट, म्हणजे एका लहान घराची जागा, कागदावरूनच नाहीशी होते. कष्टाने मिळविलेली जमीन राखावयाची, तर सही करण्यापूर्वी हा गुणाकार प्रत्येकाने स्वतः करून पाहावा.